सभासद रजिस्टर कागदावरून संगणकावर: कामाच्या नोंदी

(शेतकरी उत्पादक कंपनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

१० नोव्हेंबर २०२५

कंपनीचं सभासद रजिस्टर सध्या तीन ठिकाणी आहे. अर्जांच्या फायली, एक जुनी टाइप केलेली यादी आणि अध्यक्ष काकांचं डोकं. तिन्हींचा एकमेकांशी मेळ नाही, आणि सगळ्यात भरवशाचं तिसरंच निघतं हे आणखी वाईट. १०,००० एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संस्थांच्या) केंद्रीय योजनेत सभासदामागे २००० रुपयांपर्यंत समभाग अनुदान मिळतं, एका कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख. त्यासाठी यादी लागते नाव, गाव, गट क्रमांक, खातं, भाग रक्कम सगळं ठीकठाक असलेली. एक आकडा हुकला की एका माणसाचं अडतं, आणि तो माणूस ऑफिसात येऊन मलाच विचारतो.

माझ्यासोबत बारावी झालेली एक पोरगी आहे, दुपारी चार तास येते. मशीन दोन: हिशेबाचा लॅपटॉप आणि जुना डेस्कटॉप. काम डेस्कटॉपवर करायचं ठरलं, कारण लॅपटॉप कधी कोण उचलून यवतमाळला नेईल सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर

डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. त्याला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते जी या डब्यात नाही. संचालक भाऊ म्हणाले नवीन घेऊ. मी म्हटलं, ४ जीबी रॅमवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली) चालतं का ते आधी पाहू. पेनड्राइव्हवरून काहीही न बसवता सुरू करून बघता येतं, प्रिंटर ओळखतो का तेही तेव्हाच कळतं. प्रिंटर ओळखला. लिबरऑफिस, म्हणजे लिहिण्याचं आणि तक्त्यांचं फुकटचं सॉफ्टवेअर, आधीपासून त्यात असतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, ते लॅपटॉपवर राहू दे.

"फुकटचं हाय म्हंजे कच्चं असन," असं भाऊंचं मत. लिबरऑफिस २०१० पासून चालू आहे म्हटल्यावर गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

१३ नोव्हेंबर

कीबोर्डवरून वाद. पोरगी मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करते. वेग चांगला आहे, पण सुचवलेल्या शब्दांतून पहिला उचलते, आणि आडनावांची वाट लागते. आडनाव हे शब्दकोशातलं नसतं, ते ज्याचं त्याचं असतं. मी इन्स्क्रिप्टवाली, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड रचनेवर थेट मराठी अक्षरं दाबणारी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, ग वर घ. ही रचना एकदा डोक्यात बसली की कळा पाठ कराव्या लागत नाहीत. शिवाय ल वर शिफ्ट म्हणजे ळ, र वर शिफ्ट म्हणजे ऱ. जे दाबलं तेच उमटतं, मध्ये कोणी अंदाज बांधत नाही.

तडजोड: नावं इन्स्क्रिप्टने, शेरे तिला हवं तसं. आकडे मात्र दोघींनी इंग्रजीच, कारण पुढे ही यादी पोर्टलवर चढवायची आहे.

१७ नोव्हेंबर

जुनी यादी उघडली. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतं. खरं म्हणजे फाईलमध्ये ती इंग्रजी अक्षरंच आहेत. फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी चित्रं चढवतो. म्हणून अशा फाईलमध्ये "राठोड" शोधून राठोड सापडत नाही.

कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. नंतर तपासायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या लिहून ठेवते:

ऱ्य. "शेतकऱ्यांच्या" चं "शेतकर्यांच्या" होतं. शोधा-आणि-बदला आंधळेपणाने चालवू नये, कारण "कार्य" आणि "सूर्य" यांत तो रफार बरोबर आहे.

ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधी लोक अ वर ॅ चढवत, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे. एका सभासदाच्या नावापुढे "ॲड." आहे, शोधून मिळेना. आता शोधताना दोन्ही प्रकारांनी शोधायचं आणि सापडेल तिथे एकच करायचं.

शेवटची मोकळी जागा. "लाडखेड" आणि "लाडखेड" नंतर एक स्पेस, ही संगणकाच्या हिशेबी दोन गावं. ट्रिम फॉर्म्युला फिरवला आणि गावांची संख्या लगेच कमी झाली. आता गावाच्या रकान्यात टायपिंग बंद, यादीतूनच निवडायचं. बोरीअरब जोडून की तोडून यावर पुन्हा चर्चा नको.

१९ नोव्हेंबर

दुपारभर लाइट नाही. कागदावरचं काम केलं. लिबरऑफिस काम आपोआप सेव्ह करून ठेवतं, त्याचा मूळ अवधी १० मिनिटं असतो, तो २ वर आणला. फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२५-११-१९-सभासद. दिवस आधी लिहिला तर ०१ डिसेंबर हा १९ नोव्हेंबरच्या वर जाऊन बसतो. "फायनल", "फायनल नवी", "खरी फायनल" या नावांवर बंदी.

२२ नोव्हेंबर

आज खाते क्रमांक. यात दोन खड्डे आहेत आणि दोन्ही आवाज न करता गिळतात.

पहिला, सुरुवातीचं शून्य. आकडा म्हणून टाकला की संगणक ते पुसतो, त्याच्या लेखी ००४५ म्हणजे ४५च. दुसरा जास्त वाईट. एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंक धरून ठेवतं, पुढचे शून्य करतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी आहेत. टाइप करताना बरोबर असतो, एंटर दाबला की शेवटचा अंक ०. आणि रकाना अरुंद असला की घातांकाच्या रूपात दाखवतं, म्हणजे शून्य झालेलं नजरेलाही पडत नाही. नंतर रकाना मजकूर केला तरी गेलेला अंक परत येत नाही. म्हणून क्रम हा: आधी पूर्ण रकाना निवडायचा, त्याला मजकूर हे स्वरूप द्यायचं, मग पहिला क्रमांक टाकायचा. शेजारच्या रकान्यात लेन फॉर्म्युला ठेवला, तो अंकांची लांबी सांगतो. एकाच बँकेच्या खात्यांची लांबी वेगळी दिसली की पासबुक मागवायचं.

माझं एक मत होत चाललंय. खाते क्रमांक, मोबाइल, आधार यांना संख्या म्हणणंच चूक. ज्याची बेरीज कधी करायची नाही ते नाव असतं, अंकांत लिहिलेलं.

२४ नोव्हेंबर

पडताळणी. मी एकटी कागद आणि पडदा मिळवत होते, तासाभरात डोळे स्वतःच "बरोबर" म्हणायला लागले. डोळ्याला जे अपेक्षित असतं ते तो वाचतो. पद्धत बदलली: पोरगी कागदावरून मोठ्याने वाचते, मी पडद्यावर बोट ठेवून ऐकते. चार-चार अंकांचे गट, मध्ये थांबा. पाढे म्हटल्यासारखी लय लागली की मात्र सावध व्हायचं, कारण लयीत चूक वाहून जाते. म्हणून दर दहा ओळींनंतर एक क्रमांक उलटा, शेवटाकडून वाचायचा. उलटं वाचताना अंदाज बांधता येत नाही.

जपानच्या रेल्वेत चालक आणि गार्ड सिग्नलकडे बोट दाखवून त्याचं नाव मोठ्याने घेतात. पाहणाऱ्याला वेडेपणा वाटतो. हात, डोळा, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आणायची ती युक्ती आहे. काका दारात उभे राहून आमचा पाठ ऐकत होते. "हे काय पोथी लावली का वं?" म्हणाले आणि बसून ऐकायला लागले. मध्येच एका खात्यावर म्हणाले, "तो त गेला मागच्या साली. त्याच्या बायकोच्या नावानं करा." डोक्यातलं रजिस्टर असं कामी येतं. मयत सभासदांसाठी वेगळा रकाना केला.

२६ नोव्हेंबर

काही क्रमांक स्वतःची तपासणी पोटात घेऊन फिरतात. ते माहीत असलं की अर्ध्या चुका जागीच सापडतात.

आयएफएससी (बँक शाखेचा कोड): ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. अर्जात लोक पाचव्या जागी इंग्रजी ओ काढतात. पाचवं अक्षर शून्य नसलेल्या ओळी लाल करून टाकल्या. बँकांच्या विलीनीकरणाचंही बघावं लागतं. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे. पासबुक जुनं असेल तर कोड बँकेतून खात्री करूनच टाकायचा.

पॅन: दहा अक्षरं. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी. पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे राठोडांच्या पॅनमध्ये पाचव्या जागी आर हवा. ही तपासणी लावली आणि लग्न झालेल्या बायांच्या ओळी धडाधड लाल. चूक कोणाचीच नाही. लग्नानंतर कार्डावरचं नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही, त्यामुळे माहेरचं अक्षर तिथेच राहतं. त्या ओळी माणसाने बघायच्या, फॉर्म्युल्याने नाही.

आधार: १२ अंक, ० किंवा १ ने सुरू होत नाही. शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्याची रीत व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत हमखास पकडते. पुसदला शिकणाऱ्या भाच्याकडून छोटा मॅक्रो (ही तपासणी आपोआप करणारा प्रोग्राम) करून घेतला. अर्ज समोर असताना क्रमांक टाकायचा, हो की नाही बघायचं, आणि यादीत फक्त शेवटचे चार अंक ठेवायचे. सगळ्यांचे पूर्ण आधार एका फाईलमध्ये गोळा करून ती व्हॉट्सॲपवर फिरवायची हा प्रकार माझ्या टेबलावर होणार नाही.

पिन कोड: विदर्भाचे सगळे ४४ ने सुरू होतात. वेगळं दिसलं की थांबायचं.

१ डिसेंबर

कापूस वेचणी जोरात, ऑफिसात कोणी फिरकलं नाही. पोरगीही वावरात. भरपूर काम झालं, लिहिण्यासारखं काही नाही.

४ डिसेंबर

आजची नोंद मोठी, कारण गुरुजी आले होते. आमचे सभासद, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले, सोयाबीनची हमीभाव केंद्राची पावती घेऊन. म्हणाले, "मी ताळा करून पाह्यला, बरोबर हाय. तू सांग काहून बरोबर हाय ते." मी कॅल्क्युलेटर काढला तर हात धरला.

नवाचा ताळा आम्ही शाळेत शिकलो होतो, विसरलोही होतो. संख्येतल्या अंकांची बेरीज करत जायची, एकच अंक उरेपर्यंत. नऊ आले तर शून्य धरायचं. गुणाकार बरोबर असेल तर ज्या दोन संख्या गुणल्या त्यांच्या ताळ्यांच्या गुणाकाराचा ताळा आणि उत्तराचा ताळा एकच येतो. दहा, शंभर, हजार यांना नऊने भागलं की बाकी १ च उरते, म्हणून अंक कोणत्याही घरात बसला तरी ताळ्यात तो तेवढाच मोजला जातो. दशांश चिन्हाचाही त्रास नाही, नसल्यासारखं धरायचं.

आता सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८. पाच आणि तीन आठ, दोन दहा, आठ अठरा. म्हणजे ताळा शून्य. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. याचा अर्थ या हंगामात हमीभावाच्या कोणत्याही पावतीवर, वजन काहीही असो, रकमेच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात यायलाच पाहिजे. ७ क्विंटल ४५ किलोचे ३९,६९३.६० रुपये: तीन, नऊ, सहा, नऊ, तीन, सहा मिळून ३६. बरोबर. पैसे कापून रुपयांत पूर्ण केलेल्या पावतीवर हे चालणार नाही, पैशांसकट रक्कम हवी.

मग आम्ही कापसावर गेलो. लांब धाग्याचा हमीभाव ८११०. बेरीज १०, ताळा १. एकाने गुणून काही बदलत नाही, म्हणून वजनाचा जो ताळा तोच रकमेचा. १२.३५ क्विंटल, ताळा २. रक्कम १,००,१५८.५०, बेरीज २०, ताळा २. मध्यम धाग्याला ७७१० आहे, त्याचा ताळा ६, तिथे एवढी मजा नाही.

गुरुजींनी जाताना त्यातली गोम पण सांगितली, तीच खरी महत्त्वाची. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. ताळा जुळला तर उत्तर बरोबर असेलच असं नाही, कारण अंक उलटसुलट झाले तरी बेरीज तीच राहते. ३९ चे ९३ झाले तर ताळा झोपलेला असतो.

म्हणून सोयाबीनच्या फाईलमध्ये दोन रकाने जोडले: एकात ताळा, दुसऱ्यात वजन गुणिले भाव वजा पावतीची रक्कम. दुसरा असताना पहिला कशाला, असं पोरीने विचारलं. बरोबर विचारलं. संगणकासमोर त्याची गरज नाही. पण पावती हातात पडते ती काट्यापाशी, तिथे संगणक नसतो आणि मागे ट्रॅक्टरची रांग असते.

९ डिसेंबर

ताळ्यातून जे निसटतं ते पकडायचं दुसरं जाळं. भाग भांडवलाची संगणकातली बेरीज आणि जुन्या वहीतली बेरीज यांत २७०० चा फरक. फरकाला नऊने भाग गेला की शेजारचे दोन अंक उलटे लिहिल्याचा संशय घ्यायचा, ही मुनीम लोकांची जुनी खूण. भागाकारही वाया जात नाही. ३०० आला, म्हणजे घोळ शेकडा आणि हजाराच्या घरात, आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक. १४, ४१, २५, ५२ अशा जोड्यांवर नजर फिरवली. वहीत एका पानावर १४००, अर्जासोबतच्या पावतीवर ४१००. पूर्ण वही तपासायची वेळ आली नाही.

दुसरी खूण: फरक निम्मा करायचा आणि तेवढी रक्कम शोधायची. सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलेली असते. आज लागली नाही.

१५ डिसेंबर

क्षेत्राचा रकाना. लोक एकरात सांगतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये. पटकन करायचं तर आरला ४० ने भागायचं: १.६२ म्हणजे १६२ आर, चार एकर आणि थोडंसं. एवढ्यावरून टाइप झालेला आकडा वेडावाकडा आहे का ते कळतं, नोंद मात्र सातबाऱ्यावरचीच. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, कोणी १.५ लिहिलं तर माणसाचं वावर एका टिंबाने वाढतं. त्यामुळे दशांशानंतर दोन अंक सक्तीचे.

आडनावावरून क्रम लावायचा होता. संगणकाने लावलेल्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर बसलाय. म्हणून काळे हे कावळ्यांच्या आधी येतात. मराठी कोशाच्या क्रमात ळ ह च्या नंतर, म्हणजे उलट. काकांना विचारलं. ते म्हणाले, "आडनावानं कोण शोधते? गाव सांग, मंग घर सांगतो." त्यामुळे क्रम आधी गाव, मग सभासद क्रमांक. भाषेचा प्रश्न काकांनी भूगोलाने सोडवला.

१८ डिसेंबर

काम मध्येच तुटतं: फोन, लाइट, "ताई, एक झेरॉक्स". परत बसल्यावर कुठे होतो ते आठवण्यातच वेळ जातो. उपाय साधा. उठण्याआधी, समोरचा कितीही घाईत असला तरी, पुढची कृती कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची. "कुठपर्यंत झालं" हे लिहून भागत नाही, "आता काय करायचं" हे लिहायचं: "तळेगाव, पुढचा अर्ज, खातं वाचायचं राहिलं." संध्याकाळीही एक ओळ मुद्दाम अर्धी सोडते. सकाळी रिकाम्या रकान्यापेक्षा अर्धी ओळ लवकर ओढून घेते.

लॅपटॉपवर विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टी एकाखाली एक दिसतात. पोरीला हे फार आवडलं. तिला सांगितलं की त्यात खाते क्रमांकही साठून राहतात, काम झालं की पुसायचं.

२२ डिसेंबर

यादी पूर्ण. काही अर्जांना पासबुकाची प्रत नाही, ते वेगळ्या पानावर. प्रती तीन: डेस्कटॉपवर, पेनड्राइव्हवर जो काकांच्या घरी कपाटात राहील, आणि पासवर्ड लावून ऑनलाइन. पेनड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली. न उघडलेल्या बॅकअपला मी बॅकअप धरत नाही. पासवर्ड म्हणून चार असंबद्ध मराठी शब्द घेतले, इंग्रजी अक्षरांत. लांब आहे आणि काकांच्या लक्षात राहतो. कोणते ते अर्थात इथे लिहीत नाही.

भाऊंनी छापील प्रत मागितली. दिली. त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधलं, मग भावाचं.

१२ जानेवारी २०२६

तुरीची चौकशी सुरू झाली. हमीभाव ८०००, ताळा ८, म्हणजे नवाला एक कमी. पोरीने स्वतःच काढलं: वजनाचा ताळा आणि रकमेचा ताळा मिळून नऊ यायला पाहिजे. ३.२० क्विंटलचे २५,६००. वजनाचे पाच, रकमेचे चार. (वजनाचाच ताळा शून्य असेल तर रकमेचाही शून्य, एवढा अपवाद.) पावती पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तिन्ही पिकांच्या ओळी लिहून ठेवल्या, पेन्सिलीने, कारण पुढच्या हंगामात भाव बदलला की तिन्ही खोट्या ठरतील.

राहिलेलं: पासबुकाच्या प्रती, मयत सभासदांचे वारस अर्ज, प्रिंटरची शाई.